पहिली नोकरी (भाग ९) : ऑफर लेटरमधले ४.८१

या आठवड्यात बाँडबद्दल लिहिणार होतो. ते आता पुढच्या आठवड्यात. कारण सांगलीहून यंदा बीकॉम झालेल्या एका वाचक मुलीचं पत्र आलंय आणि तिनं माझ्या अगदी लाडक्या विषयाला हात घातलाय. तिला पुण्याच्या एका कंपनीचं ऑफर लेटर मिळालं, सीटीसी ३,६०,००० रुपये. वडिलांनी लगेच बाराने भागून महिना ३०,००० काढले आणि घरात पेढे आले. रात्री तिनं खालचा तक्ता नीट वाचला. त्यात एक ओळ होती : ग्रॅच्युइटी, बेसिकच्या ४.८१ टक्के. ती विचारते, ‘सर, हा ४.८१ आला कुठून? सरळ पाच टक्के का नाही?’

इतकी वर्षं पगारपत्रकं करतोय, पण फ्रेशरनं हा प्रश्न विचारल्याचं आठवत नाही. सगळे ‘इन-हँड किती?’ एवढंच विचारतात. त्याचंही उत्तर देतो, पण आधी ४.८१.

नोकरी सोडताना, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे शेवटच्या बेसिक आणि महागाई भत्त्यावर १५ दिवसांचा पगार द्यायचा, ही ग्रॅच्युइटी. १९७२ च्या कायद्यानं ती मालकांवर बंधनकारक झाली. आता १५ दिवसांचा पगार म्हणजे किती? महिना ३० दिवसांचा धरला तर बरोबर निम्मा. पण आठवड्याची सुट्टी वगळून कामाचे २६ दिवस धरले, तर निम्म्याहून थोडा जास्त. महिन्याच्या पगारावर असलेल्यांसाठी कोणता आकडा धरायचा, हे मूळ कायद्यात लिहिलेलंच नव्हतं. मग भांडण होणारच. गुजरातमधल्या दिग्विजय वूलन मिल्सचं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८० मध्ये न्यायालयानं २६ चा हिशेब उचलून धरला. पुढे १९८७ च्या दुरुस्तीनं तो कायद्यातच घातला.

आता कॅल्क्युलेटर काढा. १५ भागिले २६ म्हणजे ०.५७६९. वर्षाला एवढ्या महिन्यांचा पगार बाजूला पडतो. तो बारा महिन्यांवर पसरला की ४.८१ टक्के. ३० चा भागाकार टिकला असता तर सांगलीच्या पत्रात ४.१७ छापलेलं दिसलं असतं. लोकरीच्या गिरणीतला तो वाद असा एका बीकॉमच्या ऑफर लेटरपर्यंत येऊन पोचलाय, याची मला अजून गंमत वाटते.

हिचं बेसिक १५,०००, म्हणजे ग्रॅच्युइटीची ओळ महिना ७२१ रुपयांची. हे पैसे तिच्या पगारातून कापत नाहीत. ते कधी हातात पडणारच नसतात, फक्त सीटीसीत मिळवलेले असतात. कायम नोकरीत पाच वर्षं झाल्याशिवाय ग्रॅच्युइटीचा हक्क लागत नाही (मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर ही अट नाही). पहिल्या नोकरीत पाच वर्षं टिकणारी किती मुलं तुमच्या ओळखीत आहेत? सीटीसीत ग्रॅच्युइटी दाखवणं बेकायदा नाही, पण फ्रेशरच्या पत्रात ती ओळ मला शोभेची वाटते. आकडा जरा गुबगुबीत दिसतो, एवढंच.

एक नवी गोष्ट मात्र लक्षात घ्या. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘फिक्स्ड टर्म’ नेमणूक असणाऱ्याला एका वर्षानंतरही सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. तेव्हा पत्रात नेमणुकीचा प्रकार काय लिहिलाय, ते आधी शोधा.

आता इन-हँड. ३०,००० मधून ते ७२१ काढा. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १८०० काढा, तोही सीटीसीतच धरलेला असतो. उरले २७,४७९. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ पुन्हा १८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की खात्यात २५,४७९ जमा होतील. फेब्रुवारीत आणखी शंभर कमी, कारण त्या महिन्यात टॅक्स ३०० कापतात आणि वर्षाचे २५०० पुरे करतात. महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर हा टॅक्स माफ आहे. हिची माफी थोडक्यात हुकली. पीएफचे दोन्ही वाटे मात्र कुठे जात नाहीत, तिच्याच नावावर पडतात. त्याबद्दल कुरकुर नको.

यात ग्रुप इन्शुरन्सचा हप्ता किंवा ‘व्हेरिएबल’ धरलेला नाही. तिच्या तक्त्यात तसं काही असेल तर आकडा आणखी खाली येईल. जॉइनिंगच्या आधी एचआरला एक ओळीचा मेल टाकून नमुन्याची सॅलरी स्लिप मागावी. मागितली म्हणून ऑफर परत घेतल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

बाँड पुढच्या आठवड्यात, नक्की. सही करून बसलेल्यांनी कागद शोधून ठेवा. आणि कुणी कंपनीकडे मूळ मार्कशीट ठेवून घेतली असेल, तर मला त्याआधीच कळवा.