गोंगाटाचे माप
अमृतसर आणि जम्मूच्या सीमाभागात नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात विमानांच्या जीपीएसमध्ये व्यत्यय आल्याच्या ४६५ घटना सरकारने लोकसभेत मान्य केल्या, त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आकाशातही तोच प्रकार घडला. तरीही सारी चर्चा खोटे सिग्नल सोडणाऱ्यांभोवतीच फिरते आणि रिसीव्हरची परीक्षा ज्या सिम्युलेटरवर, म्हणजे प्रयोगशाळेत उपग्रहांचे सोंग वठवणाऱ्या यंत्रावर होते, त्याची उलटतपासणी होत नाही.

जीपीएसचा सिग्नल जमिनीवर किमान उणे १२८.५ डीबीएम, म्हणजे एका मिलिवॅटचा सुमारे सात लाख कोटीवा हिस्सा, इतक्या शक्तीने पोहोचावा असे ठरलेले आहे, आणि रिसीव्हरमधला उष्णताजन्य नॉइज, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या अखंड हालचालीतून उपजणारा गोंगाट, दोन मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्याहून पन्नासेक पट असतो. म्हणूनच नुसत्या शक्तीला फारसा अर्थ नाही. अर्थ आहे तो सिग्नलची शक्ती आणि दर हर्ट्झमागचा नॉइज यांच्या गुणोत्तराला, ज्याला अभियंते ‘सी बाय एन नॉट’ म्हणतात. उघड्या आकाशाकडे रोखलेल्या अँटेनाला ते आकाश शंभर-सव्वाशे केल्विनइतके थंड भासते, तर केबलने जोडलेला सिम्युलेटर खोलीच्या तापमानाचा, सुमारे २९० केल्विनचा, नॉइज पुरवतो. परिणामी शक्ती तीच राखूनही गुणोत्तर दोन-अडीच डेसिबलनी घसरते आणि जाणता परीक्षक तेवढा सिग्नल वाढवून घेतो.

स्वस्त सॉफ्टवेअर-सिम्युलेटरांचा दोष नेमका उलटा असतो. त्यांचा सिग्नल बेसुमार स्वच्छ असतो आणि सगळे उपग्रह एकाच जोराने बोलतात, उलट खऱ्या आकाशात डोक्यावरचा उपग्रह ४५ ते ५० आणि क्षितिजाजवळचा ३५ डेसिबल-हर्ट्झच्या आसपास गुणोत्तर देतो. ही संशयास्पद एकसारखेपणाची खूणच तर सावध रिसीव्हर फसवणूक ओळखण्यासाठी शोधत असतो!

सर्वांत खटकणारी बाब या परीक्षांच्या अहवालांची आहे. सिग्नल दहा डेसिबलनी उतरवला काय किंवा नॉइज दहा डेसिबलनी चढवला काय, गुणोत्तर सारखेच येते, परंतु पहिला प्रसंग दाट झाडीखालचा असतो आणि दुसरा जॅमरचा, ज्यात रिसीव्हरचे स्वयंचलित वर्धन-नियंत्रण, म्हणजे आत येणारी एकूण शक्ती पाहून प्रवर्धन कमी-जास्त करणारी यंत्रणा, आपले वर्धन खाली आणते. अहवालात केवळ अखेरचे गुणोत्तर छापलेले असेल, तर या दोहोंपैकी कोणती परीक्षा घेतली गेली हे वाचणाऱ्याला कळण्याचा मार्गच उरत नाही.