छतासाठी क्रेन निवडताना

आता छताच्या पत्र्यांकडे येऊ. साइटवरून आम्हाला पहिला प्रश्न येतो, ‘किती टनांची क्रेन मागवू?’ आम्ही उलट विचारतो, ती उभी कुठे राहणार? कारण क्रेनवर लिहिलेले १४ टन हे भार अगदी जवळ असतानाचे. बूम लांब करून आडवी नेली की क्षमता झपाट्याने घटते.

हिशेब करून बघू. अर्धा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा चौरस मीटरला साधारण ५ किलो धरा. १० मीटर लांब, १ मीटर रुंद पत्रा ५० किलोचा. २० पत्र्यांचा गठ्ठा १ टन. शिवाय हूक, स्लिंग, स्प्रेडर बीम. एवढं तर हायड्रा सहज उचलेल, नाही का? उचलेल. पण गठ्ठा भिंतीपलीकडे १२ मीटर आत ठेवायचा असेल, तर लोड चार्टमध्ये त्या अंतराचा आकडा बघावाच लागतो. तो न बघता बूम ताणली, तर हायड्रा पुढच्या चाकांवर उलटते, आणि खाली माणसं असतात. आकडा पुरत नसेल तर आउट्रिगरवाली, फिरत्या बूमची क्रेन घ्या. भाडं जास्त पडतं, पडू दे.

काळ्या मातीत आउट्रिगरखाली जाड प्लेटा हव्यातच. आणि वारा सुटला की पत्रा शिडासारखा फुगतो. तेव्हा उचल थांबवायची, मालक कितीही घाई करो.