रिकाम्या दालनांतील कला

प्रदर्शनास जावें आणि भिंतीवर एकहि चित्र नसावें! १९९२ सालीं मुंबईच्या जहांगीर कलादालनांत गेलेल्या प्रेक्षकांची अशीच गत झाली. प्रदर्शन कोणा होतकरू विद्यार्थ्याचें नव्हतें. आपल्या सोलापूर जिल्ह्यांत, पंढरपुरीं जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचें होतें. दालनभर पांढरें कापड सोडलेलें आणि जमिनीवर वर्तमानपत्रांच्या फाटक्या कागदांचा खच. नांव 'श्वेतांबरी'.

आमचे थोरले काका हें ऐकून म्हणाले, "पांढरें कापडच पाहावयाचें तर मुंबईस कशाला जावयाचें? आपल्या सोलापुरांत काय त्याचा दुष्काळ आहे?" गिरण्यांच्या गांवांत वाढलेल्या माणसानें असें म्हणावें हें साहजिकच आहे, आणि त्यांचा आक्षेप हंसण्यावारी नेऊन चालणार नाहीं.

अशा कलेस मराठींत 'मांडणशिल्प' हा शब्द रूढ झाला आहे. चित्र आपण समोर उभें राहून पाहतों. मांडणशिल्पांत आपण आंत शिरतों. चौकट नसते, त्यामुळें कोठें पाहावें हें सांगणारें कोणी नसतें. पांढऱ्यावर पांढरें असलें म्हणजे कोपरा कोठें संपला हें डोळ्यांस चटकन उमगत नाहीं. पायांखालीं कागद आला कीं चालणें आपोआप मंदावतें. हुसेन यांनीं तरुणपणीं मुंबईंत सिनेमाचे प्रचंड फलक रंगविले होते. आकार आणि अंतर डोळ्यांशीं कसा खेळ करतात हें त्यांना कोणी शिकवावयास नको होतें. शिवाय ही कृति त्या जागेपुरतीच. कापड उतरलें कीं ती संपली. मीं स्वतः केवळ छायाचित्रें पाहिलीं आहेत. पंक्तीचा फोटो पाहून भूक भागवावी, तशांतलाच तो प्रकार!

काकांना मीं आपल्याच गांवचा दाखला दिला. बाराव्या शतकांत सिद्धरामेश्वरांनीं सोलापुरांत व भोंवतालीं ६८ लिंगें स्थापिलीं, अशी श्रद्धा आहे. एकेक पाहूं गेल्यास त्यांत विशेष कांहीं दिसत नाहीं. परंतु संक्रांतीच्या यात्रेंत पांढऱ्या बाराबंदींतील भक्त ७ उंच नंदीध्वज उभे तोलून त्या लिंगांना प्रदक्षिणा घालतात, तेव्हां गल्ल्या, वळणें, छपरांवरून पुढें सरकणारें ध्वजाचें टोंक, सारें एकांत एक गुंफलें जातें. रोजचा रस्ता त्या दिवशीं रोजचा राहत नाहीं.

"तेथें भक्ति आहे," काका म्हणाले, "येथें काय आहे?"

यावर मजजवळ उत्तर नव्हतें. पुरतें उत्तर अजूनहि नाहीं.

मात्र गेल्या दिवाळीपूर्वीं वाड्यास रंग द्यावयाचा म्हणून माजघरांतील सगळें सामान चौकांत काढलें. साठ वर्षें त्या घरांत वावरलेले काका उंबऱ्याशींच थबकले. आवाज घुमत होता. खोली एकाएकीं परक्याची वाटत होती. जेथें आजीचा पलंग असे, तेथें धुरानें काळवंडलेल्या भिंतीवर पलंगाच्या पाठीएवढा फिकट चौकोन उरला होता. आजीला जाऊन सहा वर्षें झालीं. पलंग जागेवर असतांना तिकडे कोणाचें लक्षहि जात नसे. काका बराच वेळ त्या चौकोनाकडे पाहत राहिले.

दुपारीं रंगारी आला, तेव्हां ती भिंत सर्वांत शेवटीं घ्यावी, असें त्यांनीं त्याला सांगितलें.