(अ + ब)² चुकलं? एका जगात ते बरोबर आहे!

आठवी-नववीत कधीतरी (अ + ब)² = अ² + ब² असं लिहून तुम्हीही लाल रेघ खाल्ली असेल. मधला '२अब' विसरलात म्हणून. आता गंमत ऐका. गणितात असं एक जग आहे, जिथे हे उत्तर शंभर टक्के बरोबर धरतात. तिथे २ म्हणजे शून्य, त्यामुळे २अब आपोआप गायब! २ च्या जागी ३, ५, ७ अशी कुठलीही मूळ संख्या घेऊन अशी जगं बनवता येतात.

या जगांशी आयुष्यभर झुंजलेला गणिती मराठी होता. प्रा. श्रीराम अभ्यंकर. जन्म १९३० चा, उज्जैनचा. बालपण ग्वाल्हेरला (वडीलही गणिताचे प्राध्यापक), बी.एस्सी. मुंबईत आणि १९५१ मध्ये थेट हार्वर्ड. तिथे गाईड होते ऑस्कर झारिस्की, बैजिक भूमितीतलं बडं प्रस्थ.

अभ्यंकरांनी घेतलेला प्रश्न समजायला कागद-पेन घ्या. य² = क्ष³ चा आलेख काढा. शून्यापाशी एक अणकुचीदार टोक येतं ना? गणितींना ते टोचतं. आता य = क्ष × ट असं लिहा. दोन्ही बाजूंचा क्ष² कटाप केला की उरतं ट² = क्ष. साधा गुळगुळीत पॅराबोला! टोक गेलं.

रेषेचं हे इतकं सोपं, पण पृष्ठभागाचं काय? आपल्या नेहमीच्या संख्यांसाठी झारिस्कींनी ते सोडवलं होतं. मूळ संख्यांच्या जगात मात्र हत्यारं बोथट होतात. बारावीचं डेरिव्हेटिव्ह आठवा : क्ष² चं २क्ष. पण २ च शून्य असेल, तर हातात काय उरतं? भोपळा! अभ्यंकरांनी पीएच.डी.साठी नेमकं हेच घेतलं आणि पृष्ठभागांसाठी सोडवलंही. १९५६ मध्ये ते छापून आलं, तेव्हा ते पंचविशीत होते.

पुढे १९६३ पासून ते अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकवत होते. शिकवताना त्यांचा आग्रह एकच : शाळेतलं बीजगणित. जडजंबाळ सिद्धान्तांची फॅशन जोरात असताना ते बहुपदी हातानं मांडून दाखवत. हट्टीपणाच म्हणा ना! पण याच विचारांच्या त्यांच्या लेखाला १९७८ मध्ये शोव्हने पुरस्कार मिळाला. १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान सुरू केलं. ऑलिम्पियाडची तयारी करणाऱ्या तुमच्यातल्या काहींना तो पत्ता पाठ असेल.

२०१२ मध्ये ते गेले. चार आणि त्याहून जास्त मितींसाठी, मूळ संख्यांच्या जगातला तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

तोवर य² = क्ष⁵ करून बघा. एकदा कटाप करून भागणार नाही, टोक पुन्हा येईल. दोनदा करावं लागेल.