एबीएसचा दिवा आणि किनाऱ्यावरचा गंज
जुन्या मोटारीची निगा : लेखांक सातवा

ब्रेक जोरात दाबल्यावर चाक जाम झाले, तर गाडी थांबण्याऐवजी घसरत जाते आणि स्टिअरिंग कितीही फिरवले तरी ती वळत नाही. चाकाला या अवस्थेपर्यंत जाऊ न देता ब्रेकचा दाब एका सेकंदात अनेकदा सोडणारी व पुन्हा धरणारी यंत्रणा म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम, अर्थात एबीएस. बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लास मोटारीत आली. भारतात मात्र सर्व नव्या मोटारींना ती एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या गाड्यांत ती बहुधा वरच्या, महागड्या श्रेणीपुरतीच असे, आणि आज त्याच गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती असताना डॅशबोर्डवरचा तिचा पिवळा दिवा कायमचा पेटलेला आढळतो.

पालघर जिल्ह्यातील सफाळे परिसरात या दिव्याचे कारण शोधताना आधी हवेचा विचार करावा लागतो. पश्चिमेला एडवण, कोरे, दातिवरेपर्यंतचा किनारा, दक्षिणेला वैतरणेची खाडी आणि पावसाळ्याचे चार महिने रस्त्यालगतच्या भातखाचरांत साचलेले पाणी, यांमुळे गाडीच्या खालच्या भागाला खारा ओलावा सतत लागतो. त्यात येथील नोकरदार लोकलने विरार-मुंबईकडे जात असल्याने पुष्कळ गाड्या आठवडाभर दारात उभ्या राहतात. उभ्या गाडीचे चाक फिरत नाही, त्यामुळे त्यावर बसलेला ओलावा झटकला जात नाही, आणि बॅटरीही उतरत जाते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. त्याआधीच्या, ठाण्याचा एमएच-०४ क्रमांक मिरवणाऱ्या गाड्यांनी असे दहाहून अधिक पावसाळे सोसलेले आहेत.

यंत्रणेचे भाग थोडे आहेत. प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा सेन्सर असतो आणि त्याच्यासमोर टोन रिंग, म्हणजे दाते असलेले लोखंडी कडे, चाकाबरोबर फिरते. सेन्सरकडून आलेल्या संकेतांवरून संगणकीय नियंत्रक चारही चाकांचे वेग ताडून पाहतो आणि एखादे चाक इतरांच्या मानाने एकदम मंदावले, की झडपा व छोटा पंप असलेल्या हायड्रॉलिक युनिटला त्या चाकाचा दाब कमी करण्याचा आदेश देतो. यांतील सर्वांत महाग भाग म्हणजे युनिट आणि नियंत्रक. सर्वांत जास्त बिघडणारे भाग म्हणजे चाकापाशी चिखल-पाणी खाणारे सेन्सर, त्यांच्या वायरी आणि कडी. युनिट गेले असे निदान ऐकताच खर्चाला मान डोलावण्यापूर्वी ग्राहकाने ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे.

पहिली तपासणी फुकट आहे आणि ती दिव्याच्या वागण्यातच दडलेली आहे. चावी फिरवल्यावर दिवा पेटून काही सेकंदांत विझला, तर नियंत्रकाची स्वतःची चाचणी नीट पार पडली असे समजावे. तो विझलाच नाही, तर तुटलेली वायर, उडालेला फ्यूज किंवा नियंत्रकातला दोष, म्हणजे गाडी उभी असतानाही कळणारा बिघाड संभवतो. विझून गाडी चालू लागल्यावर पुन्हा पेटला, तर बहुधा एखाद्या चाकाचा संकेत येत नाही किंवा वेडावाकडा येतो. आणि दिवा मुळीच पेटत नसेल, तर आनंद मानू नये. बल्ब गेलेला असतो किंवा विक्रीपूर्वी कोणी तो मुद्दाम काढलेला असतो. जुनी गाडी घेणाऱ्याने हे अवश्य पाहावे, कारण दिवा लपवून गाडी विकणे हा खरेदीदाराच्या जिवाशी केलेला खेळ आहे.

केवळ पिवळा दिवा पेटला असेल तर साधे ब्रेक चालू असतात, फक्त चाक जाम होण्यापासूनचे संरक्षण नसते. त्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही पेटला, तर ब्रेक ऑइलची पातळी घटलेली असू शकते किंवा पुढच्या-मागच्या चाकांत दाबाची वाटणी करणारी ईबीडी ही व्यवस्थाही बंद पडलेली असू शकते. अशा वेळी मागची चाके आधी जाम होऊन गाडी गोल फिरण्याचा धोका असतो, म्हणून ती न चालवता गॅरेजमध्ये ओढून नेणेच योग्य.

यानंतर स्कॅनर लावावा, परंतु स्वस्तातला स्कॅनर बहुधा इंजिनचेच कोड वाचतो. चेसिसशी संबंधित, ‘सी’ अक्षराने सुरू होणारे कोड वाचण्यासाठी एबीएसच्या नियंत्रकाशी बोलणारे उपकरण लागते. कोडमध्ये पुढच्या डाव्या सेन्सरचे नाव आले म्हणजे तो सेन्सर गेला, असे समजून नवा बसवणे ही सर्रास होणारी घाई आहे. त्या चाकाचा संकेत नियंत्रकापर्यंत पोहोचत नाही एवढेच कोड सांगतो, आणि वाटेत सेन्सर, कडे, बेअरिंग, कपलर व काही फूट वायर एवढे सगळे असते. बॅटरीचा दाब फार घसरला तरीही असे कोड नोंदले जातात, म्हणून आधी बॅटरी व तिचे टर्मिनल पाहून कोड पुसावा आणि तो पुन्हा येतो का ते तपासावे.

चाक काढल्यावर दिसणारी गोष्ट या किनारपट्टीत फार बोलकी असते. सेन्सर ज्या बैठकीवर बोल्टने आवळलेला असतो, तेथे लोखंडाला गंज चढतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्याने तो सेन्सरला बैठकीतून हळूहळू उचलू लागतो. सेन्सर आणि कड्याचे दाते यांत साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी अंतर अपेक्षित असते. त्यात अर्ध्या मिलिमीटरची भर पडली तरी संकेत क्षीण होतो. सेन्सर काढताना तो ओढू नये. गंज सोडवणारे तेल मारून, थोडे थांबून, बाजूबाजूने हलवत सोडवावा, अन्यथा प्लास्टिकचे डोके तुटून नाहक नवा भाग घ्यावा लागतो. नंतर बैठक वायर ब्रश व पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली आणि सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोहकण पुसून घेतला, की अनेकदा तेवढ्यावरच काम भागते.

याच गंजाचा दुसरा प्रकार कड्यात दिसतो. ॲक्सलच्या जोडावर घट्ट बसवलेल्या कड्याखाली गंज फुगला की कडे तडकते आणि तडकेपाशी दोन दात्यांमधले अंतर वाढते. नियंत्रकाला प्रत्येक फेऱ्यात त्या जागी चाक क्षणभर मंदावल्यासारखे भासते. लक्षण ठराविक आहे: कोरड्या रस्त्यावर, गाडी थांबता थांबता, अगदी कमी वेगात पायाखालचे पेडल थरथरते आणि पंपाची घरघर ऐकू येते. अनेकदा दिवाही पेटत नाही, आणि म्हणूनच हा दोष पॅडच्या किंवा डिस्कच्या माथी मारला जातो.

मोजणीच्या वेळी सेन्सरचा प्रकार आधी ओळखावा लागतो. जुन्या, चुंबक व तारेचे वेटोळे असलेल्या सेन्सरचा रोध सामान्यतः हजार ओहमच्या आसपास येतो आणि चाक हाताने फिरवल्यास मल्टिमीटरवर थोडा एसी व्होल्टेज दिसतो, जो वेगाबरोबर वाढतो. चारही चाकांचे आकडे ताडून पाहिले की वेगळे पडणारे चाक लगेच कळते. नंतरच्या गाड्यांतील सक्रिय सेन्सरला नियंत्रकाकडून वीज मिळते आणि त्याची पारख ओहमने होत नाही. तेथे स्कॅनरवर चारही चाकांचा वेग एकाच वेळी पाहत गाडी सावकाश चालवावी. अशा पुष्कळ गाड्यांत दात्यांच्या कड्याऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टा असतो, आणि बेअरिंग उलट्या बाजूने ठोकून बसवले तर संकेत कायमचा नाहीसा होतो. बेअरिंग बदलल्यानंतर दिवा पेटू लागला, तर शोध तेथूनच सुरू करावा.

ब्रेक ऑइलकडे होणारे दुर्लक्ष मात्र थेट महागड्या युनिटपर्यंत पोहोचते. हा द्रव हवेतला ओलावा शोषतो. डॉट-३ प्रतीचा नवा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतो, तर ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. तांदुळवाडीचा घाट उतरताना तापलेल्या कॅलिपरमध्ये त्याची वाफ झाली तर पेडल मऊ पडते, आणि तेच पाणी युनिटमधील बारीक झडपांना आतून गंजवते. दोन वर्षांनी द्रव बदलणे येथील हवेत चैन नव्हे. बदलताना युनिटमध्ये हवा शिरली, तर ती काढण्यासाठी काही गाड्यांत स्कॅनरने पंप चालवावा लागतो.

दुरुस्तीनंतर कोड पुसूनही दिवा लगेच विझेलच असे नाही, कारण अनेक नियंत्रक चारही चाकांचे योग्य संकेत मिळाल्याची खात्री गाडी ठराविक वेगाने चालल्यावरच करून घेतात. म्हणून मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागेपुढे वाहन नसताना काही अंतर चालवून, मग एकदा ब्रेक पूर्ण ताकदीने दाबून धरावा. पेडल पायाखाली धडधडले, गाडी सरळ रेषेत थांबली आणि दिवा विझलेलाच राहिला, म्हणजे काम पुरे झाले.