घरबसल्या पदवी

"गुरुजी, सूनबाई म्हणते, मोबाईलवर शिकून ग्रंथपाल होईन. असं कुठं होतं का?" हा प्रश्न आम्हाला हल्ली पुष्कळ जण विचारतात.

मंडळी, होतं. पण कसं होतं, ते आधी समजून घ्यावं. पैसे मग भरावे.

ग्रंथपाल म्हणजे वाचनालय सांभाळणारा. पुस्तकं कपाटात भरली म्हणजे त्याचं काम संपत नाही. हजार पुस्तकांतून हवं ते पुस्तक चटकन हाती आलं पाहिजे. त्याचंही शास्त्र आहे. त्याला ग्रंथालयशास्त्र म्हणतात. आपल्या देशात डॉ. रंगनाथन यांनी त्याचा पाया घातला. पुस्तक कुलपात ठेवण्यासाठी नसून वाचकासाठी आहे, ही त्यांची शिकवण.

हे शास्त्र घरी राहूनही शिकता येतं. त्यासाठी मुक्त विद्यापीठं आहेत. १९८५ साली दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ निघालं. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं. पूर्वी टपालानं पुस्तकं येत. आता धडे मोबाईलवरही मिळतात. यालाच ऑनलाइन शिक्षण म्हणतात. मात्र ग्रंथालयशास्त्राच्या पदवीसाठी आधी एक पदवी झालेली असावी लागते.

शिक्षकाचं थोडं निराळं आहे. बी.एड. करणाऱ्याला शाळेत उभं राहून पाठ घ्यावे लागतात. समोर मुलं हवीत. विहिरीत उतरल्यावाचून पोहणं येतं का? तसंच हे. "सगळं मोबाईलवर होईल, शाळेत जायला नको," असं कुणी सांगितलं, तर सावध व्हावं.

बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. पदवीचंही तसंच पारखून घ्यावं. पदवी देण्याचा अधिकार वाटेल त्याला नाही. १९५६ च्या कायद्यानं तो विद्यापीठांनाच आहे. त्यांवर देखरेख ठेवतो विद्यापीठ अनुदान आयोग. मान्यता असलेली ऑनलाइन पदवी कॉलेजात जाऊन घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची असते. मान्यता नसलेल्या पदवीचा कागद नोकरीच्या कामी येत नाही. पैसे गेले, वर्षंही गेली!

म्हणून तीन गोष्टी पाहाव्या.

पहिली. विद्यापीठ आयोगाच्या यादीत आहे का? खोट्या विद्यापीठांचीही यादी आयोग काढतो. दोन्ही याद्या मोबाईलवर दिसतात. न कळल्यास शाळेतल्या शिक्षकांना विचारावं.

दुसरी. तोच अभ्यासक्रम ऑनलाइन शिकवायला यंदा मान्यता आहे का? विद्यापीठ खरं असलं, तरी हे निराळं पाहावं लागतं.

तिसरी. पैसे कुणाकडे जातात? दलालाच्या हाती पैसे देऊ नयेत. विद्यापीठातच भरावे. पावती जपून ठेवावी. "परीक्षा नको, पैसे द्या, पदवी घ्या," असं म्हणणारा ठकच समजावा.

आणखी एक सांगतो. घरबसल्या शिकणं म्हणजे रिकामं बसणं नव्हे. धडे ऐकावे लागतात, लिहावं लागतं, परीक्षा द्यावी लागते. सूनबाईंना घरातलं सारं काम उरकून रात्री अकराला पुस्तक हाती मिळालं, तर डोळा लागायचाच. तेव्हा फी भरली म्हणजे घरच्यांचं काम झालं, असं नाही. रोज दोन तास तिला मोकळे द्यावे. तेवढा वेळ चूल दुसऱ्या कुणी सांभाळावी. मग तिची पदवी साऱ्या घराची होईल, आणि गावच्या वाचनालयाला जाणता माणूस मिळेल.