मोत्यांची माळ आणि काळी माती

आमचे गाव मंगळवेढ्याकडचे. हा भाग ज्वारीचे कोठार म्हणून ओळखला जातो आणि त्याचे सारे श्रेय आम्ही आमच्या काळ्या मातीला देतो. त्यामुळे ‘चांगली माती म्हणजे काळी माती’ हे मला कोणी शिकवावे लागले नाही. ही समजूत एका कुंडीने मोडली, म्हणून हा लेखप्रपंच.

कुंडी माझ्या आत्याची. पुण्याला तिच्या गॅलरीत ती टांगलेली असे आणि तिच्यातून हिरव्या मण्यांच्या माळा हातभर खाली लोंबत. वाटाण्याएवढा एकेक मणी म्हणजे त्या झाडाचे पान. रोपवाटिकेत त्याला ‘स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’ म्हणतात. आत्या सरळ ‘मोत्यांची माळ’ म्हणे. २०२३च्या उन्हाळ्यात आत्या गेली आणि आतेभावाने ती कुंडी माझ्या स्वाधीन केली. एसटीच्या प्रवासात कुंडी फुटली. आत्याच्या झाडाला काही कमी पडू द्यायचे नाही, या निश्चयाने मी नवी कुंडी आणली, तिच्या तळाशी खडे पसरले, वर आमच्या शेतातली माती आणि शेणखत निम्मे निम्मे भरले आणि रोज सकाळी नेमाने पाणी घातले.

आषाढ संपायच्या आत मणी पाणचट झाले, देठ मातीलगत काळे पडले. झाड सुकते आहे असे वाटून मी आणखी पाणी घातले! शेवटी उपटून पाहिले तेव्हा मुळे कुजून हातात आली. जेमतेम तीन माळा शाबूत होत्या.

असे का झाले? हे झाड मूळचे दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप भागातल्या कोरड्या प्रदेशातले. तिथे ते लोंबत नाही. झुडपांच्या आणि दगडांच्या सावलीत जमिनीवर पसरते आणि देठ जिथे मातीला टेकेल तिथे मूळ धरते. पाऊस थोडा, म्हणून पाण्याचा साठा पानात. पान गोल, कारण गोल आकारात साठा जास्त मावतो आणि उन्हावाऱ्याला उघडी पडणारी बाजू कमी राहते. अशा झाडाची मुळे बारीक आणि उथळ असतात. भिजायचे आणि लवकर कोरडे व्हायचे, ही त्यांची सवय.

आमच्या काळ्या मातीचा गुण नेमका उलटा. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत अतिसूक्ष्म चिकण कण फार. ते पाणी धरून फुगतात आणि सोडायला तयार नसतात. म्हणून तर पाऊस सरल्यावरही केवळ ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते. ज्या गुणावर आमचे घर चालते, त्याच गुणाने आत्याचे झाड मारले. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायूची वाट अडते. पाण्यातून तो हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश सरकतो. मुळे गुदमरतात आणि मग बुरशीचे फावते.

तळाच्या खड्यांनीही उपयोग झाला नाही. याचा प्रयोग घरी करता येतो. स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. ठिबकणे थांबले की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. उंची वाढली की पाणी खाली ओढले जाते. शेतात मातीचा थर खोल असतो, कुंडीत तो वीतभरात संपतो आणि शेवटचे पाणी तळच्या थरात अडकून राहते. बारीक मातीखाली खडे घातले तर ते पाणी खड्यांत उतरत नाही, खड्यांच्या वर थांबते. म्हणजे ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो! भोकावर एखादी खापरी पुरे. भरड माल तळाशी नको, सगळ्या मिश्रणात हवा.

आता मी वापरतो ते मिश्रण असे : एक भाग चाळलेली हलकी तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेले पानांचे खत किंवा धुतलेला कोकोपीट आणि दोन भाग विटांचे तुकडे व जाड वाळू. तुकडे ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे असावेत. भुकटी चाळून टाकावी, नाहीतर तीच पोकळ्या बुजवते. समुद्राची खारी वाळू अजिबात नको. शेणखत मूठभर, तेही जुने. पारख सोपी आहे. ओले मिश्रण मुठीत दाबावे. मूठ उघडल्यावर लाडू राहिला तर ते चिकट, भुगा झाला तर ठीक. कुंडी मातीची घ्यावी; तिच्या अंगातूनही ओल उडते. बोट घालून आतपर्यंत कोरडे लागले की मगच भरपूर पाणी द्यावे. पावसाळ्यात कुंडी छपराखाली, पण उजेडात ठेवावी.

उरलेल्या तीन माळा मी कापून दोन दिवस सावलीत सुकू दिल्या आणि या मिश्रणावर वेटोळे करून ठेवल्या. काही आठवड्यांत देठांनी मुळे धरली.

दिवाळीत वडील आले. त्यांनी कुंडीतले मिश्रण चिमटीत घेऊन चोळले आणि म्हणाले, “हा तर मुरूम झाला. माळावरचं झाड आहे होय हे? मग याला काळी जमीन कशाला दिलीस?”

मला जे समजायला एक झाड गमवावे लागले, ते त्यांना एका चिमटीत कळले. जमीन नुसती चांगली किंवा वाईट नसते. कोणासाठी चांगली, हे विचारावे लागते. यंदा माळा पुन्हा हातभर झाल्या आहेत. त्यातली एक मी आतेभावाकडे, आत्याच्या गॅलरीत, परत पोचवली. सोबत मातीची पिशवीही दिली. या वेळी ती शेतातली नव्हती.

— तृतीय वर्ष कला (भूगोल)